छिद्र लहान, जबाबदारी मोठी

रविवारची वंदना आटोपून आम्ही विहाराच्या पायऱ्या उतरत होतो. तेवढ्यात वस्तीतील एक उपासिका हातात कागद घेऊन पुढे आल्या. "जयभीम दादा, हे जरा वाचून सांगा. सही करू की नको?" एवढेच त्या म्हणाल्या. तो एका रुग्णालयाचा संमतिपत्राचा कागद होता. त्यांचे पती नगरपालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेले. वीसेक वर्षांपूर्वी त्यांना क्षय झाला होता आणि औषधांचा पूर्ण क्रम घेऊन ते बरेही झाले होते. आता उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात गाठ निघाली होती. तो भाग दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढावा, असे डॉक्टरांनी सुचविले होते.

कागदावरच्या एका ओळीने सारे घर हादरले होते. गरज पडल्यास दुर्बिणीची शस्त्रक्रिया थांबवून छाती उघडावी लागेल आणि त्याला आमची हरकत नाही, असा त्या ओळीचा अर्थ. धाकटे दीर म्हणत होते, "तोंडाने तीन भोकांचे ऑपरेशन सांगतात आणि कागदावर छाती फाडायची सही घेतात. गरिबाला असेच फसवतात." एका नातलगाने तर गावाकडच्या कुणा बाबाचा पत्ताही देऊन ठेवला होता. या ओढाताणीत दहा दिवस गेले होते. गाठ मात्र जागच्या जागी होती.

आम्ही डॉक्टर नाही. त्यामुळे सही करा किंवा करू नका, असे सांगण्याचा आम्हाला अधिकार नव्हता. पण कोणतीही गोष्ट कोणी सांगितली म्हणून मानू नका, तपासून घ्या, ही तथागतांची शिकवण आपण रोज सांगतो. ती रुग्णालयाच्या दारात विसरून कसे चालेल? दुसऱ्या दिवशी आम्ही ताईंसोबत रुग्णालयात गेलो आणि ती ओळ तिथे का आहे, एवढे एकच विचारले. डॉक्टरबाईंनी जुन्या केसपेपरच्या पाठीमागे चित्र काढून आम्हाला समजावले. त्यानंतर आम्ही जे वाचले, विचारले आणि पडताळले, ते आज वाचकांपुढे ठेवत आहोत. अशी सही उद्या आपल्यापैकी कोणाच्याही घरात करावी लागेल.

सारे रक्त इथूनच जाते

आपले हृदय म्हणजे शेजारी शेजारी बसविलेले दोन पंप. डावा पंप सर्व शरीराला रक्त पुरवतो. उजवा पंप फक्त फुप्फुसांकडे रक्त पाठवतो. पण शरीरभर फिरून आलेले सगळे रक्त पुन्हा शुद्ध होण्यासाठी फुप्फुसांतून जावेच लागते. प्रौढ माणूस शांत बसलेला असतानाही त्याच्या फुप्फुसांतून मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त वाहते. म्हणजे अंगातले जवळपास सगळे रक्त मिनिटाभरात तिथून जाऊन येते.

उजव्या फुप्फुसाचे तीन खंड असतात, डाव्याचे दोन. प्रत्येक खंडाला रक्त आणणाऱ्या धमनीच्या फांद्या असतात, रक्त परत नेणारी शीर असते आणि हवा नेणारी श्वासनळीची फांदी असते. एक खंड काढायचा म्हणजे या प्रत्येक नळीला आजूबाजूच्या भागापासून सोडवायचे, ती पक्की बंद करायची आणि मगच कापायची. घरातला नळ बदलताना आपण आधी गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद करतो. इथे तशी सोय नाही. पाणी चालू ठेवूनच फांदी तोडायची असते.

त्यात या धमनीचा स्वभाव वेगळा. दंडाला पट्टा बांधून आपण जो रक्तदाब मोजतो तो निरोगी माणसात १२०/८०च्या आसपास असतो. फुप्फुसाच्या धमनीत तोच दाब साधारण २५/१० एवढा कमी असतो. दाब कमी म्हणून तिची भिंतही पातळ. ओल्या, जुन्या मलमलीसारखी ती ओढली की फाटते. मात्र दाब कमी असण्याचा एक फायदाही आहे. फाटलेल्या जागी हलक्या हाताने बोळा दाबून धरला तर बहुतेक वेळा रक्त थांबते किंवा आवाक्यात येते. पुढे जे सांगायचे आहे त्याचे मर्म या दोन गोष्टींत आहे. ही नळी चटकन फाटते, आणि घाबरून न जाता दाबून धरली तर बहुधा वेळ देते.

जीवकाने पत्नीला दाखविले

शस्त्रक्रिया हा शब्द आपल्या परंपरेला नवा नाही. तथागतांचे वैद्य जीवक यांची कथा विनयपिटकाच्या महावग्गात आहे. जन्मतः उकिरड्यावर टाकलेले हे मूल तक्षशिलेला सात वर्षे शिकून मोठा वैद्य झाले. वाराणसीच्या एका श्रेष्ठीच्या मुलाच्या आतड्याला पीळ पडला होता. जीवकांनी लोकांना बाहेर काढले, रुग्णाच्या पत्नीला मात्र समोर उभे केले. पोट उघडून त्यांनी ते पिळलेले आतडे तिला दाखविले आणि आजार काय आहे ते सांगितले. मग पीळ सोडवून पोट शिवले. घरच्या माणसाला आजार दाखवून द्यावा, ही रीत आपल्याकडे इतकी जुनी आहे!

छातीच्या शस्त्रक्रियेला मात्र फार उशीर लागला. १९१० साली स्टॉकहोमचे डॉक्टर हान्स ख्रिश्चन याकोबेयस यांनी मूत्राशय पाहण्याची दुर्बीण छातीत घालून आत पाहिले. तेव्हा क्षयावर औषध नव्हते. फुप्फुसाला विश्रांती मिळावी म्हणून छातीत हवा भरून ते मिटवीत असत. फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटलेले असले की ते मिटत नसे. ते चिकटलेले धागे याकोबेयस दुर्बिणीतून पाहून तोडू लागले. छातीतील दुर्बीण जन्माला आली ती क्षयाच्या रोग्यासाठी, हे आपण ध्यानात ठेवावे.

५ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेतील सेंट लुईस येथे एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी कर्करोग झालेले संपूर्ण डावे फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेत काढले. रुग्ण स्वतः डॉक्टर होता आणि त्यानंतर तो जवळपास ३० वर्षे जगला. त्या वेळी ग्रॅहम यांनी फुप्फुसाच्या देठातील साऱ्या नळ्या एकत्रच बांधल्या होत्या. त्याच वर्षी बाल्टिमोरच्या विल्यम रीनहॉफ यांनी प्रत्येक नळी वेगळी सोडवून वेगळी बांधली. हीच रीत पुढे रूढ झाली आणि तिच्यामुळेच फक्त रोगी खंड काढून बाकीचे फुप्फुस वाचविणे शक्य झाले. जाता जाता एक सांगतो. याच ग्रॅहम यांनी एर्न्स्ट विंडर यांच्यासोबत १९५० साली सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविणारा अभ्यास प्रसिद्ध केला. ते स्वतः सिगारेट ओढत. १९५७ साली त्यांचा मृत्यू झाला तो फुप्फुसाच्याच कर्करोगाने. बिडी ओढणाऱ्या बांधवांनी हे दोनदा वाचावे.

छाती न उघडता, टीव्हीसारख्या पडद्यावर आतले चित्र पाहून संपूर्ण खंड काढण्याची शस्त्रक्रिया इटलीतील मिलान येथे जानकार्लो रोव्हियारो यांनी १९९१ साली केली. बरगड्यांच्या मधून तीन-चार छिद्रे पाडतात. त्यांतले एक तीन-चार सेंटिमीटरचे असते, बाकीची बोटभर. २०१० साली स्पेनमधील डिएगो गोन्सालेस-रिवास यांनी एकाच छिद्रातून खंड काढून दाखविला. बरगड्या फाकवाव्या लागत नाहीत, त्यामुळे दुखणे कमी, खोकून कफ काढणे सोपे आणि रुग्ण लवकर घरी. हातावर पोट असणाऱ्या माणसाला लवकर कामावर जाता येणे ही काही लहान गोष्ट नाही.

नळी बंद करण्याचे तीन मार्ग

छिद्र लहान झाले, पण आतली धमनी तीच राहिली. पूर्वी सर्जनचा हात छातीत असे, बोटाला नळीचे ठोके कळत. आता लांब दांड्याचे अवजार आणि पडदा. मग नळी बंद कशी करतात?

पहिला मार्ग दोऱ्याचा आणि क्लिपचा. नळीभोवती दोरा ओवून बाहेर मारलेली गाठ लांब दांड्याने आत सरकवितात, किंवा छोट्या फांदीवर क्लिप बसवितात. जुना, स्वस्त आणि भरवशाचा मार्ग. त्याला हाताचा सराव मात्र हवा.

दुसरा मार्ग स्टेपलरचा. ऑफिसात कागद टाचतो तीच कल्पना. बुडापेस्टच्या ह्यूमेर हुल्टल यांनी १९०८ साली पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी पहिले टाचणयंत्र वापरले. ते फारच अवजड होते. पुढे सोव्हिएत रशियात या यंत्रांवर खूप काम झाले. १९५८ साली अमेरिकन सर्जन मार्क रॅविच यांनी कीव्हच्या रुग्णालयात फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेत असे यंत्र वापरलेले पाहिले आणि ते एक यंत्र विकत घेऊन मायदेशी गेले. आजचा स्टेपलर लांब, बारीक चोचीचा असतो. चोचीत नळी धरून यंत्र दाबले की टायटॅनियम धातूच्या बारीक टाचण्यांच्या सहा ओळी बसतात. त्याच वेळी मधून पाते फिरते, म्हणजे कापाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन ओळी राहतात. या टाचण्या जन्मभर आत राहतात आणि सहसा कसलाही त्रास देत नाहीत.

तिसरा मार्ग उष्णतेचा. एका यंत्रात दोन जबड्यांमध्ये नळी घट्ट दाबून विजेचा प्रवाह सोडतात. दुसऱ्यात धातूचे पाते सेकंदाला सुमारे ५५ हजार वेळा कंप पावते आणि त्या घर्षणाने उष्णता निर्माण होते. दोन्हींत नळीच्या भिंतीतील प्रथिने वितळून दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात. शरीराच्या इतर भागांत अशी यंत्रे ५ ते ७ मिलिमीटर जाडीपर्यंतच्या रक्तवाहिन्यांसाठी वापरतात. फुप्फुसाच्या धमनीची भिंत पातळ असल्याने तिथे सर्जन अधिक जपून वागतात. अगदी बारीक फांद्यांपुरतेच ते यंत्र वापरतात आणि पुष्कळ जण राहणाऱ्या टोकावर एखादा दोरा किंवा क्लिप जादा ठेवतात.

अमुक यंत्र चांगले आणि तमुक वाईट, असे कोणी सांगितले तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नये. सुरक्षितपणा यंत्र वापरण्याच्या शिस्तीत असतो. नळी चारी बाजूंनी पुरेशी मोकळी झाल्याशिवाय तिच्यामागे अवजार घालायचे नाही. स्टेपलरची चोच पलीकडून बाहेर आलेली दिसल्याशिवाय दाबायचे नाही. जबड्यात आधीची क्लिप अडकली तर टाचण्या नीट बसत नाहीत, म्हणून ती जागा आधी पाहायची. टाचणीची उंची नळीच्या जाडीप्रमाणे निवडायची. दाबताना नळीला ताण द्यायचा नाही. उष्णतेच्या यंत्राचे जबडे स्वच्छ ठेवायचे, कारण जळकट थर राहिला तर जबडा उघडताना नळी त्याला चिकटून फाटते. ते यंत्र वापरून झाल्यावरही काही क्षण तापलेले असते, त्याचा स्पर्श शेजारच्या नळीला होऊ द्यायचा नाही. आणि स्टेपलर उघडण्यापूर्वी दाबायचा बोळा हाताशी तयार ठेवायचा. स्वयंपाकघरात उकळते तेल उतरविताना आमच्या भगिनी आधी ठेवायची जागा मोकळी करतात, तसेच हे.

आणखी एक. स्टेपलरमध्ये भरायची टाचण्यांची काडतुसे दर वेळी नवी लागतात आणि ती महाग असतात. जिथे ती नाहीत तिथे अनुभवी सर्जन दोऱ्यानेच नळ्या बांधतात. दोरा वापरला म्हणून आपल्या माणसावर हलकी शस्त्रक्रिया झाली, असे समजू नये.

जुना क्षय, जुनी धूळ

मग ती ओळ कशासाठी? डॉक्टरबाईंनी चित्रात धमनीच्या फांदीला लागून काळे ठिपके काढले. या लसिकाग्रंथी, म्हणजे फुप्फुसाच्या देठाजवळच्या बारीक गाठी. क्षयाचे जंतू आणि श्वासातून गेलेली धूळ या ग्रंथींमध्ये साठते. क्षय बरा होतो, पण ग्रंथी सुकून, चुना साचून दगडासारख्या होतात आणि धमनीच्या पातळ भिंतीला घट्ट चिकटतात. त्या सोडविताना धमनी फाटण्याची भीती सर्वांत जास्त. सीटी स्कॅनमध्ये चुना साचलेल्या ग्रंथी दिसतात, पण त्या किती चिकटल्या आहेत ते आत गेल्यावरच कळते. "मावशी," डॉक्टरबाई म्हणाल्या, "यांचा जुना क्षय आणि आयुष्यभराचे झाडूचे काम मला माहीत आहे. म्हणून मी ती ओळ आधीच वाचून दाखवते."

हे ऐकताना आमच्या मनात दुसराच विचार आला. ही धूळ कोणाच्या छातीत गेली? रस्ते कोणी झाडले, खडी कोणी फोडली, गिरणीच्या खात्यात कापसाचे तंतू कोणी गिळले, कोंदट चाळीत एकाच खोलीत आठ-आठ माणसे कोण राहिली? परमपूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामगारांच्या आरोग्य विम्याचा विचार करण्यासाठी प्रा. अडारकर यांची नेमणूक त्याच काळात झाली आणि त्यातून १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा आला. आजारपण हे कामगाराचे नशीब नसून समाजाची जबाबदारी आहे, हा त्यामागचा विचार. कंत्राटावर झाडू मारणाऱ्या आमच्या किती भावाबहिणींपर्यंत तो आज पोहोचला आहे, हा प्रश्न आपण विचारतच राहिले पाहिजे.

रक्त आलेच तर

दुर्बिणीतून काम चालू असताना धमनी फाटली तर पहिले काम एकच. लांब चिमट्यात धरलेला कापसाचा बोळा त्या जागी दाबून धरायचा आणि थांबायचे. पडदा लाल झाला म्हणून आंधळेपणाने चिमटे लावले किंवा जाळत सुटले तर बारीक भोक मोठे होते. दाबून धरलेल्या काही मिनिटांत भूलतज्ज्ञ रक्त मागवितात, सहकारी तयारी करतात. पुष्कळदा रक्त थांबते, किंवा दुर्बिणीतूनच टाका घालता येतो. नाही जमले तर बोळा दाबलेला ठेवूनच छाती उघडतात आणि डोळ्यांसमोर दुरुस्ती करतात. ग्रंथी फार चिकटलेल्या दिसल्या तर शहाणा सर्जन रक्त येण्याची वाटही पाहत नाही, आधीच छाती उघडतो. छाती उघडणे म्हणजे फसलेली शस्त्रक्रिया नव्हे. लहान छिद्राचा हट्ट सोडून माणूस वाचविण्याचा तो निर्णय असतो. ती ओळ या निर्णयासाठी असते. रुग्ण भुलेखाली असताना बाहेर येऊन नातलगांची सभा भरवायला वेळ नसतो.

आपण काय विचारावे

सही करण्यापूर्वी डॉक्टरांना हे प्रश्न नम्रपणे पण न घाबरता विचारावेत. कोणता खंड काढणार आणि का? दुर्बीण की उघडी, आणि आमच्या माणसाला कोणती योग्य? अशा शस्त्रक्रिया आपण नेहमी करता का? छाती उघडावी लागण्याचा संभव आमच्या बाबतीत कितपत? रक्ताची सोय किती पिशव्यांची करावी? शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. यंत्राचे सामान वेगळे विकत आणावे लागेल का, तेही आधीच विचारावे.

आणि आपणही काही लपवू नये. जुना क्षय, पूर्वी छातीत घातलेली नळी, बिडी, दारू, सारे सांगावे. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्या दाखवाव्यात, मनाने बंद किंवा चालू करू नयेत. बिडी त्याच दिवशी सोडावी आणि शिकविलेले श्वासाचे व्यायाम नेमाने करावेत.

१४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आपले तरुण ठिकठिकाणी रक्तदान शिबिरे भरवितात, याचा आम्हाला अभिमान आहे. पण पिशवीतील तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवसच टिकतात. उन्हाळ्याच्या सुटीत आणि पावसाळ्यातही शस्त्रक्रिया होतातच. विहाराने वर्षभर वाटून शिबिरे भरविली तर कोणा अनोळखी माणसाच्या फाटलेल्या धमनीला ती वेळेवर उपयोगी पडतील.

त्या ताईंनी स्वतः वाचून, दीरांना वाचून दाखवून सही केली. शस्त्रक्रिया दुर्बिणीतूनच सुरू झाली. वरच्या खंडाच्या धमनीला एक चुनखडी झालेली ग्रंथी चिकटलेली निघाली आणि डॉक्टरबाईंनी रक्त येण्याआधीच छाती उघडली. बाहेर आल्यावर त्यांनी काढलेला खंड ट्रेमध्ये ताईंना दाखविला आणि ती दगडासारखी ग्रंथीही. दीर शेजारीच उभे होते. ते काही बोलले नाहीत, फक्त रक्तपेढीकडे जाण्याचा रस्ता कोणता, एवढे त्यांनी विचारले.

दहाव्या दिवशी दादा घरी आले. पाठीवरचा टाक्यांचा व्रण लांब आहे आणि थंडीत तो ओढतो. पण गेल्या रविवारी ते काठी न घेता विहाराच्या पायऱ्या चढले, आणि वरच्या पायरीवर थांबून त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला.